तिसरं पान येईपर्यंत

२ जुलै

सूनबाई,

आधी आशीर्वाद, मग बाकीचं.

फोन तू उचलत नाहीस, त्याबद्दल तक्रार नाही. पत्राचं बरं असतं, ते वाजत राहत नाही. उघडावंसं वाटलं तर उघड, नाहीतर कपाटावर टाकून दे. पत्ता तुझ्या दादाकडून घेतला. त्याच्यावर रागावू नकोस, मीच मागे लागलो होतो.

मागच्या अंगणात काहीतरी उगवलंय, तेवढं सांगायचं होतं.

न्हाणीघराची भिंत आणि कुंपण यांच्यामधली मुरमाड पट्टी, जिथे तू गेल्या वर्षी रानफुलांचं बी टाकलं होतंस, तिथेच. मध्यंतरी एकदोन सरी येऊन गेल्या आणि आभाळ पुन्हा कोरडं झालं. परवा कामावरून आल्यावर पाय धुवायला मागे गेलो, तर मातीला हिरवं घामोळं आल्यासारखं दिसलं. गवत म्हणावं तर गवत सुईसारखं एकटं वर येतं. हे डाळीसारखी दोन-दोन पानं पसरून आलंय. मी तिथेच उकिडवा बसलो. पाय धुवायचे राहूनच गेले.

बी टाकून वर्ष उलटलं, मग हे आत्ता कसं? तू सांगितलं होतंस खरं, की रानातल्या बियांना घाई नसते, काही एक वर्ष झोपतात, काही दोन. तेव्हा मी हसलो होतो. आम्ही मुळा-पालक लावणारी माणसं. आमच्या बियांना झोपायची मुभा नसते.

तुला आठवतं का, त्या कठीण सालीच्या बियांच्या आत पाणी शिरावं म्हणून तू त्या पॉलिश पेपरवर घासत बसली होतीस, आणि माझा पोरगा दारात उभा राहून म्हणाला, "नखं कापतेस का त्यांची? मग पावडरही लाव." तू पॉलिश पेपर त्याला फेकून मारलास. तो हसत हसत कामावर गेला. तुझ्या माहेरच्या खडकाळ उतारावरून आणलेलं ते बी, बिनपाण्याचं वाढणारं. पाण्याची एवढी ओढाताण असलेल्या घरात हे सोडून दुसरं काय लावणार, असं तूच म्हणाली होतीस. सगळा पावसाळा तू रोज सकाळी वाकून बघायचीस. एकही आलं नाही.

मग नोव्हेंबरात तो विजेच्या खांबावर चढला. बंद केलीय म्हणून सांगितलेली तार बंद नव्हती. त्याच्यापुढचं तुला माहीत आहे. आणि घर माणसांनी भरलेलं असताना तुझ्या सासूबाई तुला जे बोलल्या, तेही सगळं मी इथे लिहीत नाही. 'हिच्या हाताला काही उगवत नाही' एवढं वाक्य मात्र लिहावं लागतंय, कारण ते खोटं ठरलं. तू गेल्यावर का होईना, खोटं ठरलं.

परत ये असं मी म्हणणार नाही. एक रोप उपटून पाकिटातून पाठवणार होतो, तुझी ओळख पटावी म्हणून. पण तिसरं पान येईपर्यंत हात लावायचा नाही, कोण कोणाचं ते आधी कळत नाही, हा तुझाच नियम. म्हणून नुसतं पत्र.

तुझे
बाबा


२३ जुलै

सूनबाई,

तुझं उत्तर नाही. मी वाट बघतो असं समजू नकोस. वाट बघत नाही असंही समजू नकोस.

तिसरी पानं आली. आता तुझी माणसं ओळखू येतात. तुझं वर्णन ऐकून त्यानं ठेवलेली नावंच मला ठाऊक आहेत, खरी तुझ्याजवळ. ताठ उभं राहणारं, कोणाकडे न झुकणारं ते 'हेडमास्तर'. जमिनीवर पसरत शेजाऱ्याच्या हद्दीत जाणारी, निळ्या फुलांची म्हणून तू सांगितली होतीस ती 'चुलती'. आणि ज्याच्या बिया म्हातारीसारख्या उडतात तो 'उधळ्या'. हेडमास्तर भरपूर आहेत. उधळ्या कमी, बहुतेक उडूनच गेला असेल. चुलतीला जागा पुरत नाही. पुरायची कशी, चुलती आहे ती.

पाणी तू सांगायचीस तसंच देतो. झारीनं शिंपडायचं, तेही मूळ धरेपर्यंत, मग हात आखडता घ्यायचा. हे मला जड जातं. जन्म गेला गावच्या नळाचे व्हॉल्व्ह फिरवण्यात. कोणी तहानलेलं दिसलं की माझा हात चावीकडेच जातो. परवा मोहल्ल्यात पाणी सोडायला गेलो, तर चौकातला न्हावी म्हणतो कसा, "काय पाणीवाले, स्वतःच्या घराकडे चावी जरा जास्त फिरते म्हणे?" मी म्हटलं, "ये बघायला. आमच्या घरी पाणी न पिणारी फुलं लावलीत." तो म्हणाला, "म्हणजे तुमच्या खात्यातलीच!" सगळे हसले. मीही हसलो. बऱ्याच दिवसांनी.

पाणी नाही आलं की लोक माझ्यावर ओरडतात. वरच्या टाकीतून आलं तर मी सोडणार ना. हल्ली सकाळी देवासमोर बसतो तेव्हा वाटतं, त्याच्यावरही माणसं अशीच ओरडत असतील, आणि कोण जाणे, त्याच्याही हातात नुसती चावीच असेल. म्हणून मी काही मागत नाही. हात जोडतो आणि उठतो.

एक चूक केली तेही सांगतो. कोपऱ्यातल्या रोपांना टोपलीभर शेणखत घातलं. तू बजावलं होतंस, रानफुलाला खत म्हणजे गरिबाच्या पोराला मामाचं घर, फुगतं आणि बिघडतं. पण ती इतकी किडमिडी दिसत होती की मला राहवलं नाही.

आता मुद्द्याचं. तुझ्या दादाचा फोन आला होता. तू काम करतेस त्या चष्म्याच्या दुकानाशेजारी घड्याळं दुरुस्त करणारे गृहस्थ आहेत. बायको जाऊन तीन वर्षं झाली, पदरात लहान मुलगी आहे, आणि त्यांनी तुला मागणी घातलीय, असं तो म्हणाला. मला सांगताना तो चाचरत होता. बिचाऱ्याला वाटलं, मुलाच्या बापाला हे कसं सांगावं. मी त्याला म्हटलं, "माणूस कसा आहे?" तो म्हणाला, "बाबा, दिवसभर भिंग डोळ्याला लावून बसतात, पण मुलीची शाळा सुटायच्या वेळेला बरोबर मान वर करतात."

मला एवढं पुरे आहे. सूनबाई, तू हो म्हण.

हे लिहायला मला आजचा अख्खा दिवस लागला, पण लिहिलं ते मनापासून. तू अजून पंचविशीची नाहीस. तो असता तर वेगळी गोष्ट. तो नाही. हे वाक्य मी पहिल्यांदाच लिहिलं.

तुझे
बाबा


१४ ऑगस्ट

सूनबाई,

आज थोडंच लिहितो.

रोपं टाचेपासून गुडघ्यापर्यंत आली. पाणी बंद केलंय. दुपारी माना टाकतात, संध्याकाळी पुन्हा उभी राहतात. खत घातलेला कोपरा नुसता पानांनी माजलाय, कालच्या वाऱ्यात आडवा झाला. तुझं ऐकायला हवं होतं.

आज ही, तुझी सासू, मागच्या अंगणात आली. नोव्हेंबरानंतर पहिल्यांदा. तुला माहीत आहे, पूर्वी उजाडायच्या आत मागचं-पुढचं झाडून लख्ख असायचं. तो गेल्यापासून पुढचंही मीच झाडतो, आणि मागचं तर तसंच पडून. रोज कपडे मी वाळत घालतो, आज मला यायला उशीर झाला म्हणून ती बादली घेऊन आली. रोपं बघितली. थोडा वेळ उभी राहिली. मग कपडे तसेच बादलीत ठेवून आत गेली आणि डोकं दुखतंय म्हणून पडून राहिली.

विशेष काही नाही. प्रकृतीची काळजी करू नकोस.

त्या गृहस्थांबद्दल तू काय ठरवलंस ते कळव. मला नाही, तुझ्या दादाला कळव. तो मला सांगेल.

तुझे
बाबा


७ सप्टेंबर

सूनबाई,

काल दादाचा फोन आला. तू नाही म्हणालीस.

नाही म्हणण्याचंही मला काही नाही. मन नसेल तर नाही. पण का म्हणालीस ते मी त्याला दोनदा सांगायला लावलं. तो म्हणाला, "बाबा, माणूस तिला आवडतो. ती मुलगी तर दुपारी हिच्याच काउंटरखाली बसून चित्रं काढते. पण ही म्हणते, माझ्या हाताला काही उगवत नाही, त्या लेकराला कशाला माझा हात लावायचा."

मी त्याला म्हटलं, "अरे, तिला पत्रं पोचत नाहीत का? सगळं उगवलंय म्हणून दोनदा लिहिलं मी."

तो म्हणाला, "पोचतात. वाचते. म्हणते, मी तिथून निघाले म्हणून उगवलं."

म्हणजे माझ्याच पहिल्या पत्रातलं वाक्य तू असं वाचलंस. 'तू गेल्यावर का होईना', असं मी लिहून बसलो होतो. मी गावच्या शाळेत शिकलेला माणूस, मला वाटलं मी चांगली बातमी लिहिली.

चुलतीला निळी फुलं आलीत, हेडमास्तरांच्या टोकाला गुलाबी झाक धरलीय. चांगले तीन आठवडे थेंब पडलेला नाही. शेजारच्या बागेतली विकतची रोपं करपली आणि ही मात्र उन्हात उभी राहून फुलतायत. पण आता फुलांचं सांगून काही उपयोग नाही, हे माझ्या लक्षात आलं.

चौदा ऑगस्टच्या पत्रात 'विशेष काही नाही' असं मी लिहिलं होतं. ते खरं नव्हतं. त्या दिवशी अंगणात एक गोष्ट झाली. ती माझी असती तर आत्ता याच कागदावर लिहिली असती. ती हिची आहे. तिनं मला सांगितलंय, "तिला कळवायचं नाही, माझं मेलेलं तोंड बघाल." तीस वर्षांच्या संसारात तिनं कधी असली शपथ घातली नव्हती.

आज मी तिला दादाचा फोन सांगितला. तुझं वाक्य आहे तसं सांगितलं. ती भांडी घासत होती. तेच पातेलं पुन्हा पुन्हा घासत राहिली.

मी म्हटलं, "आता काय करायचं?"

ती म्हणाली, "मला काय विचारता?"

"तुलाच विचारायचं आहे. वाक्य तुझं आहे."

तिनं पातेलं पालथं घातलं आणि दुसरं घेतलं.

सूनबाई, एवढंच कर. त्या गृहस्थांना पक्का नकार देऊ नकोस. थोडं थांब. मी आणखी एक पत्र पाठवीन, किंवा ते पाठवणं माझ्या नशिबात नसेल. पण तोवर थांब.

बाबा


११ सप्टेंबर

सूनबाई,

हे पत्र माझं नाही. अक्षर माझं आहे. बोलणारी तुझी सासू. चौथीपर्यंत शिकलीय, वाचते लावून लावून, पण लिहायची सवय कधीच सुटली. आज देवासमोर दिवा लावून झाल्यावर स्वतःच म्हणाली, "कागद घ्या." ती बोलेल तसं मी लिहितो. मध्ये मी काही घालायचं नाही अशी अट आहे.

"लिहा. पोरी, तुझी सासू सांगतेय. मी रोज पहाटे मागचं अंगण झाडत होते, तुला माहीत आहे. अंगणात काडी दिसली तरी मला चैन पडत नाही. आमच्या आईनं तसंच शिकवलं. झाडता झाडता जे हिरवं दिसेल ते चिमटीनं उपटायचं, वाढू द्यायचं नाही, नाहीतर घर ओसाड दिसतं. गेल्या पावसाळ्यात रोज तिथे बारीक बारीक दोन पानांचं काहीतरी यायचं. मी म्हणायचे, काय मेलं तण हे. रोज उपटायचे. ओंजळभर व्हायचं. कुंपणापलीकडे टाकून द्यायचे. तू उठायच्या आधी."

इथे ती थांबली. मी म्हटलं, "पाणी देऊ?" ती म्हणाली, "लिहा तुम्ही."

"तू सांगितलं होतंस की बी टाकलंय. मी काही बहिरी नव्हते. पण मला वाटलं, फुलाचं रोप फुलासारखं दिसेल. झेंडूचं रोप मी ओळखते, गुलाबाची काडी ओळखते. हे असलं मी आयुष्यभर उपटतच आले. कोणी सांगितलंच नव्हतं की त्यालाही फूल येतं. तू सकाळी उठून वाकून बघायचीस आणि मी स्वयंपाकघरातून तुला बघायचे. मनात म्हणायचे, कसली मेली रानटी हौस. मग म्हणायचे, हिच्या हाताला गुणच नाही."

"त्या दिवशी मी कपडे वाळत घालायला गेले आणि ते दिसलं. मी वाकले. सवयच आहे. दोनतीन उपटलीही. तेवढ्यात ह्यांनी येऊन माझा हात धरला. म्हणाले, 'अगं काय करतेस! हेच ते सूनबाईनं लावलेलं.' मी हातातलं बघितलं. मी म्हटलं, 'हे? हे तर मी मागच्या वर्षी रोज उपटत होते.' हे माझ्याकडे बघत राहिले. मी त्यांच्याकडे. मग मी कपडे तसेच टाकून आत गेले."

मी मध्येच म्हटलं, "माझ्या लक्षात आलं नाही हे पण लिहू का? मीही रोज तिथेच पाय धूत होतो." ती म्हणाली, "तुमचं तुम्ही वेगळं लिहा. हे माझं आहे."

"पोरी, तुझं उगवत होतं. रोज उगवत होतं. मी उपटत होते आणि तुलाच म्हणत होते की उगवत नाही. चार माणसांत म्हणाले. नुसतं अंगणाचं नाही, पाळण्याचंही बोलले. ना अंगणात काही उगवलं ना घरात पाळणा हलला, आणि आता माझा पोरगाही गेला, असं बोलले. मी विसरले नाही. तूही विसरली नसशील. दोन वर्षांच्या संसारात पाळणा हलला नाही म्हणून कोणी वांझ होत नाही, हे मला कळत नव्हतं असं नाही. पोरगा गेला होता. कोणाच्या तरी माथी मारायचं होतं. तार कोणी सुरू ठेवली ते मला माहीत नव्हतं. तू समोर होतीस."

"यंदा ते उगवलं ते तू गेलीस म्हणून नाही. मी झाडू हातात धरला नाही म्हणून. पोरगा गेल्यावर मला मागे जाववेना. माझा हात लागला नाही म्हणून ते वाढलं. आता समजलं का, कोणाच्या हाताचं काय होतं ते?"

यानंतर तिनं दिव्यातली वात पुढे सारली. मी म्हटलं, "माफ कर असं लिहू?"

"नको."

"का ग?"

"माफी मागितली की तिला काहीतरी द्यावं लागतं. तिच्याकडून आता काही घ्यायचं नाही."

"मग शेवटी काय लिहू?"

"लिहा, त्या घड्याळवाल्यांना हो म्हण. त्या लेकराच्या डोक्यावरून हात फिरव. बिनधास्त फिरव. आणि वाचून दाखवा मला. तुम्ही शब्द गोड करता, मला माहीत आहे."

मी वाचून दाखवलं. दोन ठिकाणी 'मी' लिहायला कचरून मी 'ती' लिहिलं होतं, ते तिनं पकडलं आणि दुरुस्त करून घेतलं. पाकीट तीच चिकटवणार आहे. पेटीत टाकायला माझ्याबरोबर चौकापर्यंत येते म्हणाली. चौकापर्यंत ती नोव्हेंबरानंतर गेलेली नाही.


१९ डिसेंबर

सूनबाई,

हे पत्र मी तुझ्या दादाच्या नावे पाठवतोय. माहेरी येशील तेव्हा तो देईल. नव्या घरी जुन्या सासरची पत्रं येणं बरं दिसत नाही, म्हणून यानंतर मी लिहिणार नाही. रागानं नाही. तुझ्या दारावर पोस्टमननं यावं ते तुझ्याच लोकांचं घेऊन यावं.

तू आम्हाला उत्तर लिहिलं नाहीस, पण दादानं सगळं सांगितलं. ते पत्र तू दुकानातच उघडलंस. मग दुकान बंद होईपर्यंत चष्म्याच्या काचा पुसत राहिलीस, कोणी न मागितलेल्यासुद्धा. मालक म्हणाला, "अगं, आता त्यातून पलीकडचा जन्म दिसेल." आणि संध्याकाळी शेजारच्या दुकानाच्या पायरीवर जाऊन तू त्यांना एवढंच म्हणालीस, "उद्यापासून मुलीला शाळेतून आणायला मी जाईन." त्यांनी भिंग खाली ठेवलं म्हणे, आणि काय बोलावं ते सुचेना म्हणून तुलाच विचारलं, "किती वाजता सुटते माहीत आहे ना?"

दादा हे सांगताना हसत होता. मी इकडे फोन कानाला लावून हिला खुणेनं सांगितलं, हो म्हणाली. हिनं हात जोडले, आणि मग भिंतीकडे तोंड केलं.

तू निरोप पाठवलास, "आई-बाबांना लग्नाला यायला सांग." आई म्हणालीस, ते मी हिला दोनदा सांगितलं. पहिल्यांदा तिला ऐकू आलं नाही असं तिनं दाखवलं. मी यायला तयार होतो. सदरा धुवून ठेवला होता, रजाही टाकली होती. ही म्हणाली, "आपण जायचं नाही."

मी म्हटलं, "तिनं बोलावलंय."

"बोलावणारच. चांगली आहे ती. पण आपण समोर दिसलो की तिला तो दिसेल. त्या दिवशी तिला तो दिसायला नको."

सदरा पुन्हा घडी करून ठेवला. रजा रद्द केली.

अंगणाचं शेवटचं सांगतो, कारण ते तुझं आहे. रोपं वाळली. उभी वाळलीत, कापली नाहीत, बी आपोआप खाली पडावं म्हणून. चुलतीच्या शेंगा दुपारच्या उन्हात तट्कन फुटतात आणि बी न्हाणीघराच्या भिंतीवर आपटतं. उधळ्या तर गावभर गेला. परवा शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "अहो, हे वाळकं रान कधी काढणार? जळण झालंय नुसतं." ही म्हणाली, "काढायचं नाही ते. आमच्या सुनेचं आहे." शेजारणीला तुझ्या लग्नाचं माहीत होतं. ती आत गेली.

आज लग्नाचा दिवस, तरी सकाळी मी कामावर गेलो. वरच्या मोहल्ल्याचं पाणी सोडलं, खालच्या मोहल्ल्याचं सोडलं. व्हॉल्व्हच्या खड्ड्यात उतरलेलो असताना दूर कुठेतरी बँड वाजत होता. कोणाचं तरी लग्न असेल. तुझं कुठे, इथून एवढ्या लांब. तरी मी चावी धरून तसाच उभा राहिलो. वरून कोणीतरी ओरडलं, "पाणीवाले, झोप लागली का?"

दुपारी घरी आलो. हिनं सगळा स्वयंपाक केला होता, रोजच्यापेक्षा जास्तच, पाहुणे यायचे असल्यासारखा. ताटं वाढली. आम्ही समोरासमोर बसलो. ती म्हणाली, "आत्तापर्यंत लागलं असेल."

मी म्हटलं, "लागलं असेल."

"साडी कुठल्या रंगाची असेल हो?"

"दादाला विचारू उद्या."

"नका विचारू. तुम्ही सारखं विचारता, बरं दिसत नाही." मग थोड्या वेळानं म्हणाली, "उंबरठ्यावर पाय अडखळतो तिचा, घाईत चालते. कोणी सांगितलं असेल का तिला, जपून म्हणून?"

आम्हाला एकच मुलगा. मुलगी नव्हती. म्हणून एक गोष्ट आम्ही नुसती ऐकून होतो, की पोरगी सासरी गेली त्या दिवशी आईबापांच्या घशाखाली घास उतरत नाही. लोक उगाच बोलतात असं मला वाटायचं. आज ताटं तशीच झाकून ठेवली.